हातकुंडची पहिली हरकत

बेचिराख गावाची मोजणी करायला कुठल्याही मोजणीदाराला आवडतं, कारण तिथे हरकत घ्यायला कोणी येत नाही.

एरवी आमचं काम म्हणजे शिव्या खाण्याचं. मोजणी मागणारा एक आणि बांधावर उभे राहणारे चौदा. मोजणीचा फलक तिकाटण्यावर मांडला की एक जण म्हणणार, "साहेब, खुंटी दोन हात अलीकडे." दुसरा म्हणणार, "अलीकडे कशी? माझा बाप मेला तेव्हा ती पलीकडे होती." बाप मरण्याचा आणि खुंटीचा काय संबंध, हे विचारायचं नसतं. ऐकून घ्यायचं, टिपणात मोजमाप लिहायचं, पंचांच्या सह्या घ्यायच्या आणि चहा न पिता निघायचं. चहा प्यालात की दुसरी बाजू म्हणते, साहेब फुटले.

बेचिराख गावात यातलं काही नाही. बेचिराख म्हणजे जिथे कोणी दिवा लावत नाही असं गाव. आमच्या दप्तरातला हा जुना शब्द. माणसं उठून गेली, घरं पडली, वर रान माजलं, तरी कागदावर गाव मरत नाही. त्याचं नाव राहतं, शीव राहते, नकाशा राहतो. फक्त माणसांच्या रकान्यात शून्य. महाड-पोलादपूरच्या डोंगरांत अशी गावं आहेत. कुठे माथ्यावर, कुठे घाटाच्या जुन्या वाटेला. कधी उठली ते सांगणारं कोणी नाही. काहींना शिवकाळाच्याही मागे न्यावं लागेल, असं इतिहासाचे एक सर मला म्हणाले होते, आणि वर म्हणाले होते, "पण माझं नाव घालू नका." मी घातलेलं नाही.

मी दासगावच्या अलीकडच्या एका बौद्धवाडीतला. आमच्या घरातला, आणि आमच्या वाडीतलाही, पहिला पदवीधर. हे मी मुद्दाम सांगतो आणि सांगताना मला लाज वाटत नाही. माझे आजोबा गावाची शीव दाखवायचे. पूर्वी ते काम आमच्याच लोकांचं. दोन गावांत हद्दीवरून वाद झाला की आजोबांना पुढे घालायचे. ते चालत जायचे, जिथे पाय थांबेल तिथे शीव. त्यांचा शब्द खरा धरायचे आणि त्यांना पाणी वरून ओतायचे. शीव आजोबांनी दाखवायची आणि कागदावर दुसऱ्याने लिहायची, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं. मी लिहिणारा झालो. नेमणुकीचा कागद आला त्या दिवशी आई तो उलटा धरून बराच वेळ बघत होती. मी सरळ करून दिला नाही. तिला दिसत होतं ते दिसत होतं.

आता बाहेरच्या माणसाला वाटेल, रानात गाव होतं हे कळतं कसं? सोपं आहे. निसर्ग काटकोन काढत नाही. करवंदीच्या जाळीत चार दगड एका रेषेत दिसले आणि रेष वळताना काटकोनात वळली, की ते घराचं जोतं. डोंगरावरच्या रानात एकटंच चिंचेचं जुनं झाड दिसलं, की ते कोणीतरी अंगणाजवळ लावलेलं. पायाखालची तांबडी माती एकदम राखाडी, भुसभुशीत लागली, की ती पांढर, म्हणजे माणसं राहिल्याची माती: चुलीची राख, शेण, पडलेल्या भिंती. खापराचे तुकडे असतात. कातळात कोरलेलं उखळ असतं. घर पडतं, जातं कोणी उचलून नेतं, पण कातळातलं उखळ कोण नेणार? ते पावसाचं पाणी भरून बसून राहतं आणि पक्षी त्यात चोच बुडवतात.

या खुणांनी मला हसवलंही आहे. विन्हेऱ्याच्या बाजूला दोघा चुलतभावांची हद्द कायम करायला गेलो होतो. बांधावर लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव दगड होता. मला वाटलं, दोघे त्याच्यासाठी भांडणार. झालं उलटंच. दोघांनाही तो दुसऱ्याच्या हद्दीत हवा होता. शेतात देव निघाला की त्याच्या आसपास नांगर घालता येत नाही, आणि वर्षाला नारळ आला! "साहेब, तुमची मशीन जरा हलली असंल," असं मोठा मला चारदा म्हणाला. शेवटी दगड दोघांच्या मध्ये आला. आजही तिथे दोन नारळ फुटतात, आणि दोघेही समोरच्याचा नारळ केवढा होता ते बघून ठेवतात.

दुसरा एक शहरातला गृहस्थ. त्याने माळावर जमीन घेतली, झाडी साफ केली, तर खाली आठ-दहा जोती निघाली. घाबरून माझ्याकडे आला. "ही घरं नकाशात नाहीत. मग हे अतिक्रमण कोणाचं?" मी म्हटलं, "त्यांचं नाही, तुमचं. ते तुमच्या आधी चारशे वर्षं आलेत." त्याला ते पटलं नाही. लेखी द्या म्हणाला.

ही झाली हसण्यासारखी. एक गोष्ट मात्र मी नोकरीत असेपर्यंत कोणाजवळ हसून सांगू शकलो नाही. ती आता लिहितो.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत पानेरवाडी आहे. पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, वर मराठ्यांची वाडी, खाली बौद्धवाडी. दोन्हींतले निम्मे लोक मुंबईत. वाडीच्या डोक्यावर डोंगराचा सपाट माथा, आणि त्या माथ्यावर मौजे हातकुंड, बेचिराख. वाडीतले लोक त्याला नुसतं 'जुनं गाव' म्हणतात. आपले पूर्वज तिथून खाली उतरले, असं ते सांगत. वर्षातून एकदा गावकीचे पुरुष वर जाऊन राखण देत, म्हणजे त्या जागेच्या राखणदाराला नारळ आणि कोंबडा. बाकी वर्षभर वर कोणी पाय ठेवायचा नाही. का, तर उठलेल्या गावाला हात लावू नये.

नोकरीला लागून मला तिसरं वर्ष होतं. फेरमोजणीचं काम होतं. माझ्याजवळ जुना नकाशा होता, घडीवर फाटलेला. त्यात माथ्यावर तुटक रेघेचा चौकोन आणि आत लिहिलेलं, 'जुने गावठाण'. मला वर जाऊन ते प्रत्यक्ष बघायचं होतं. हाताखालची माणसं मोजणीची साखळी घेऊन निघाली. वाट दाखवायला वाडीतले एक गृहस्थ आले, बाळूतात्या. तेव्हा चाळिशीचे, गावकीत शब्द चालणारे. चढण सुरू होते तिथे एका आंब्याखाली ते थांबले.

"मोजणीदार, तुम्ही कुठले म्हणालात?"

मी गाव सांगितलं. त्यांनी वाडी विचारली. मी वाडी सांगितली.

तात्यांनी डोंगराकडे बघितलं. मग म्हणाले, "वर काय नाय. खडक हाय नुसता. तुमी कशाला पाय झिजवताय? इथूनच लिवा."

मला काय कळायचं ते कळलं. मी तिथे सरकारी कागद दाखवू शकलो असतो. आवाज चढवून वर गेलो असतो, कोणाची अडवायची टाप नव्हती. पण मला असा काही राग आला, की तो रागासारखा वाटेचना, मानासारखा वाटला. म्हटलं, ठेवा तुमचा देव आणि तुमचा डोंगर. मला तुमच्या दारात उभं राहायची हौस नाही. आंब्याखालीच मी फलक मांडला, माथ्याच्या कडा खालूनच टिपल्या आणि माथ्यावर खडकाची खूण काढून लिहिलं, 'पोटखराब, खडक'. पोटखराब म्हणजे ज्यातून काही पिकत नाही अशी जमीन. खाली सही केली. लफ्फेदार सही होती माझी तेव्हा.

अशा रीतीने हातकुंड दुसऱ्यांदा उठलं. पहिल्यांदा माणसं उठून गेली. दुसऱ्यांदा मी नकाशावरून उठवलं. आणि घरी येताना मला वाटत होतं की मी मान राखला.

त्यानंतर मी नाना ठिकाणी बदलून गेलो. साखळी गेली, मशीन आलं. मी वरिष्ठ झालो. निवृत्तीला दोनेक वर्षं राहिली असताना पुन्हा पोलादपूरकडे आलो. तळीयेची दरड कोसळून गेलेली होती. त्या डोंगराखाली काय झालं ते आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. त्यानंतरच्या पावसाळ्यांत डोंगराखालची एकही वाडी धड झोपलेली नाही. पानेरवाडीत त्या आषाढात दारं लागेनाशी झाली. चौकटी तिरक्या झाल्या. पऱ्याचं पाणी ऊन पडलेलं असताना गढूळ यायला लागलं. मग वाडीच्या वर हातभर रुंद चीर दिसली. दोन्ही वाड्यांतली माणसं, म्हशी, कोंबड्या, सगळ्यांना खालच्या शाळेत आणून ठेवलं. जीव कोणाचा गेला नाही, हे पहिल्यांदा सांगून टाकतो.

पण परत जायला बंदी. मग वसवायचं कुठे? बैठक झाली. प्रांतसाहेबांसमोर यादी होती. एक जागा हायवेजवळ, तिथे बारा घरं बसतील. दुसरी पार महाडच्या बाजूला, तिथे पंधरा. उरलेले तिसरीकडे. जागा सुरक्षित होत्या, साहेबांचं काही चुकत नव्हतं. पण वाडीचे तीन तुकडे, आणि भातशेती राहणार मैलोगणती लांब. म्हातारे तर म्हणाले, आम्हाला शाळेतच मरू द्या.

बौद्धवाडीतली शेवंता उभी राहिली. ही ग्रामपंचायतीची सदस्य, पन्नाशीची, नवरा मुंबईला गोदीत होता तो वारलेला. पदर खोचून बोलायची सवय. "साहेब, जुन्या गावाची सपाटी हाय ना वर. खिंडीपर्यंत वनखात्याचा रस्ता पण हाय. शेतं पायाखाली ऱ्हातील. ती का नाय बघत?"

साहेबांनी नकाशा पुढे ओढला. "तो सगळा खडक आहे, बाई. पोटखराब. पाण्याचीही नोंद नाही. हे मी मनाचं नाही सांगत, मोजणी झालेली आहे." आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बरोबर ना?"

त्या खोलीत माझी सही ओळखणारा मी एकटाच होतो. मी म्हटलं, "बघून सांगतो."

शेवंता माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं असेल, आपल्यातला माणूस आहे, काहीतरी करेल. तिला काय माहीत, केलं होतं ते आधीच करून ठेवलं होतं.

माझे आजोबा अंगठा उठवणारे. पण न चालता त्यांनी शीव कधी सांगितली नसती. हे त्या दिवशी बैठकीतून जिना उतरताना माझ्या डोक्यात आलं आणि मी जिन्यावरच थांबलो. मागून येणारा शिपाई म्हणाला, "साहेब, काही राहिलं का?" मी म्हटलं, "हो, एक डोंगर चढायचा राहिलाय."

शाळेत गेलो. बाळूतात्या आता सत्तरी ओलांडलेले, बाकावर पाय वर घेऊन बसलेले. त्यांनी मला ओळखलं नाही. मी आंब्याखालची आठवण दिली. तेव्हा त्यांनी नजर खाली घातली आणि मग वर केली.

"तुमी ते?"

"मीच. तुम्ही म्हणालात वर खडक आहे, आणि मी खडक लिहिला."

"मी म्हनालो म्हनून लिवलं? तुमी एवढं शिकलेले..."

"तात्या, तुम्ही मला का अडवलंत, ते सांगा. मला आता राग येणार नाही."

मला वाटलं होतं ते म्हणतील, देवाचा नेम होता, परक्याला नेत नाहीत, वगैरे. पण ते म्हणाले, "तुमाला म्हाईत हाय का अडवलं. पुना बोलायला लावू नका. चुकलं ते." मग म्हणाले, "तवा मला वाटलं मी देव राखला. आता देव वर ऱ्हायला नि आमी शाळेत."

"मलाही वाटलं मी मान राखला."

"मग दोघंबी येडे," तात्या म्हणाले आणि बाकावरून उतरून चपला शोधायला लागले.

भाद्रपदात चार दिवस उघडीप मिळाली. मी, तात्या, शेवंता आणि भूगर्भवाल्या तरुण मॅडम, हातात हातोडी घेतलेल्या, असे वर गेलो. तात्या दर वळणावर बसत आणि शेवंता म्हणे, "तात्या, उचलून नेऊ का?" "तू गप गो," तात्या म्हणत आणि उठत. आंब्यापाशी पोचल्यावर मात्र ते नुसते उभे राहिले. मग बाजूला सरले आणि मला म्हणाले, "चला पुढं. तुमी पुढं." राखणदाराच्या दगडाशी त्यांनी नारळ ठेवला. शेवंताने हात जोडले नाहीत, मीही नाही. तात्या काठी टेकत पुढे चालायला लागले.

वर खडक नव्हता. म्हणजे खाली अखंड कातळ होता, पण वर हातभर, कुठे कमरेभर माती होती. गवत दूर केलं की जोती. एकामागून एक, रांगेत. मधून फरसबंद वाट, दगड झिजून गुळगुळीत झालेले. ती वाट माथा ओलांडून घाटाकडे जात होती. माझा मोजणीदाराचा डोळा तिच्यामागे गेला आणि मला वाटलं, हे गाव रोगाने उठलं नाही की शापाने नाही. इथून घाटाची वाट चालायची. पुढे वाट दुसरीकडून झाली, आणि पोट भरायला लोक खाली शेताकडे सरकले. पुरावा नाही माझ्याजवळ. पण वाट मेली की गाव कसं मरतं हे मी चार ठिकाणी बघितलं होतं.

माथ्याच्या मधोमध कातळात खोदलेलं टाकं होतं. पानं आणि गाळाने काठोकाठ भरलेलं. गावाला नाव त्याच्यावरूनच पडलं असणार. टाक्याच्या वरच्या अंगाला मोठी जोती, आणि पार दुसऱ्या टोकाला, उताराशी, आठ-नऊ लहान जोती वेगळी. त्यांना वाटही वेगळी. ती टाक्याकडे येतच नव्हती.

ती घरं कोणाची, हे मला कोणी सांगायला नको होतं. शेवंतालाही. ती त्यातल्या एका जोत्यावर बसली, हाताने दगड पुसला आणि म्हणाली, "म्हंजे आमी पण होतोच की हितं. ह्यांचंच गाव असल्यासारखं सांगतात." तात्यांनी ऐकलं. ते टाक्याच्या काठाला काठीने गाळ उकरत राहिले.

भूगर्भवाल्या मॅडमनी चार दिवस तपासून सांगितलं की माथा भक्कम आहे, वरून कोसळायला वर डोंगरच नाही, पाणी साचत नाही. "ज्यांनी ही जागा निवडली त्यांना कळत होतं," त्या म्हणाल्या. फक्त पिण्याच्या पाण्याची खात्री हवी आणि नोंद दुरुस्त हवी. नोंद दुरुस्त करायची तर आधीची का चुकली ते लिहावं लागतं.

मी लिहिलं. 'मूळ मोजणीच्या वेळी मी जागेवर न जाता नोंद घेतली.' एवढंच. का गेलो नाही ते लिहिलं नाही. ते कारण कुठल्या रकान्यात बसत नव्हतं. साहेबांनी दोनदा वाचलं. "निवृत्ती तोंडावर आहे तुमची. 'नजरचुकीने' लिहा, चालेल."

"नजर गेलीच नव्हती, साहेब. चुकेल कशी?"

मला लेखी ताकीद मिळाली. सगळ्या नोकरीतला तो एकच शेरा. सेवापुस्तकाची नक्कल माझ्याजवळ आहे, पाहुण्यांना दाखवतो. नोकरीत बक्षिसं मिळाली नाहीत, हे तरी दाखवावं. पण जुन्या फाटक्या नकाशावरचं 'जुने गावठाण' पुन्हा नकाशावर आलं. आणि गावठाण म्हटल्यावर जमीन सरकारी. कोणाची विकत घ्यायला नको, कोणाचं मन वळवायला नको.

मन वळवायचं होतं ते वाडीचंच. शाळेच्या पटांगणात गावकी बसली. म्हातारे म्हणाले, उठलेल्या गावात पुन्हा चूल पेटवू नये, वंश राहत नाही. मुंबईहून आलेली पोरं मोबाइलवर हवामान बघत बसली होती. शेवंता उठली.

"उठलेलं गाव वाईट, व्हय? मग आपलं काय बसलेलं हाय काय? आपन पण उठलोच की. निदान तिकडचे दगड तरी वळखीचे हायत." लोक हसले. ती हसली नाही. "पन माजी एक अट हाय. पलाटाच्या चिठ्ठ्या टाकायच्या. वरची आळी, खालची आळी असलं काय नाय. नि टाकं एकच. नायतर आमी बारा घरं हायवेला जातो, तुमी तुमचं बघा."

वाडी एकत्र राहणार की तीन ठिकाणी फुटणार, ते आता त्या एका अटीवर आलं होतं. बारा घरं गेली तर उरलेल्यांसाठी माथ्यावर रस्ता, वीज कोणी देणार नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. सगळे तात्यांकडे बघत होते. मीही बघत होतो.

तात्या म्हणाले, "चिठ्ठ्या कोन काढनार?"

"अंगनवाडीतली पोरं," शेवंता म्हणाली.

"मग हरकत नाय," तात्या म्हणाले. "मोठ्यांनी काढल्या असत्या तर मी हरकत घेतली असती. सगळे चोर हायत."

चैत्रात टाकं उपसलं. दोन्ही वाड्यांतली माणसं आणि मुंबईहून रजा काढून आलेली, घमेली हातोहात देत होती. कोणाच्या हातातून कोणाच्या हातात घमेलं जातंय हे बघणारे एकदोघे होते. दुपारच्या उन्हात त्यांचीही नजर दमली. पुरुषभर गाळ निघाला. त्यात एक फुटकं मडकं आणि पितळेची वाकडी कडी. तळाच्या कोपऱ्यात, कातळाच्या फटीतून, बोटभर जाडीचं पाणी झिरपत होतं. भर चैत्रात. शेवंताने ओंजळ भरून तात्यांपुढे धरली. "घ्या. तुमी मोठे." मी श्वास धरून होतो, खोटं कशाला बोलू. तात्यांनी तिच्या ओंजळीला तोंड लावलं आणि प्यायले. मग म्हणाले, "गाळाचा वास मारतोय, गो." "मग काय सरबत पायजे?" शेवंता म्हणाली.

प्लॉट पाडण्याचं काम माझ्या नोकरीतलं शेवटचं. एकही जोतं न मोडता आखणी करायची मी शपथ घेतली होती. सगळी वाचली नाहीत, रस्त्याला सहा गेली. त्याचं मला अजून वाईट वाटतं. रस्त्याची वळणं आणखी दोनदा बदलून बघायला हवी होती. पण उताराकडची ती लहान जोती मी हलू दिली नाहीत. ती तशीच आहेत. तिथे पोरं क्रिकेट खेळतात.

यंदा दिवाळीआधी वर जाऊन आलो. घरं उभी आहेत, सगळी एका मापाची, रंग मात्र ज्याच्या त्याच्या डोक्याप्रमाणे. नळ आलाय, तरी बायका चहाला टाक्याचंच पाणी नेतात. मी बोलावण्यावरून गेलो होतो. तात्यांचा फोन आला होता, "साहेब, टेप घेऊन या. भांडान झालंय."

अंगणवाडीतल्या पोरांनी काढलेल्या चिठ्ठ्यांत तात्यांचा आणि शेवंताचा प्लॉट शेजारी-शेजारी आला होता. आणि दोघांच्या मध्ये, कातळात, एक जुनं उखळ. मी पोचलो तेव्हा तात्या उखळाशी खुर्ची टाकून बसले होते, आणि शेवंता दारात, कमरेवर हात.

"साहेब, उखळ माज्या हद्दीत हाय. माजी सून नाचणी सडनार त्यात. पन ही बाई रोज सकाळी पयली येऊन बसते."

"आधी उठावं लागतं त्याला," शेवंता म्हणाली. "आनि तुमच्या हद्दीत कशावरून? कागद काडा."

"कागद कशाला? आमचे पूर्वज हितं ऱ्हात होते!"

"नि आमचे काय पिकनिकला आले होते?"

मी निवृत्त आहे, मला मोजणीचा अधिकार नाही, असं सांगून बघितलं. दोघेही एकदम माझ्यावर ओरडले. शेवटी टेप काढली. खुंट्या मीच ठोकल्या होत्या, त्या जागेवर होत्या. एका खुंटीशी तात्यांनी टेप धरली, दुसरीशी मी. रेष उखळाच्या बरोबर मधून गेली.

"म्हंजे?" तात्या म्हणाले.

"म्हणजे अर्धं तुमचं, अर्धं तिचं."

"अर्ध्या उखळात काय सडनार? मला मान्य नाय. मी लेखी हरकत घेनार."

"घ्या की," शेवंता म्हणाली. "मी पन घेते."

आतून कागद आला, पेन आलं. तात्यांनी मजकूर मलाच लिहायला लावला. मी वर गावाचं नाव घातलं: मौजे हातकुंड, तालुका पोलादपूर. तोवर शेवंताने चहा आणला, दोन्ही घरांचे मिळून तीन कप, टाक्याच्या पाण्याचा. त्या गावात बसून मी पहिल्यांदाच हरकत लिहून घेत होतो. चहा पुढे आला तसा मी घेतला. दोन्ही बाजूंच्या देखत, सावकाश प्यालो.